मधल्या कोऱ्या पट्टीत काय लिहिलंय?

रेकॉर्ड हातात आली की लगेच वाजवायची नाही. खिडकीशी जायचं, तबकडी कव्हरातून काढून कडेला आणि मधल्या कागदी लेबलाला धरायची, सुई फिरते त्या बारीक चरांना बोट लागू द्यायचं नाही. मग शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलापर्यंतची ती गुळगुळीत काळी पट्टी उजेडात तिरकी करून वाचायची. हो, वाचायची. तिथे अक्षरं असतात.

मी अठ्ठावीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. पुस्तक हातात आलं की लोक पहिलं प्रकरण उघडतात, मी अजूनही आधी आवृत्ती, मुद्रक आणि साल असलेलं पान उघडते. नामांकित बँडच्या रेकॉर्डसाठी ही खोड बाळगायची गरज नाही. त्यांच्याबद्दल कुणी ना कुणी सगळं लिहून ठेवलेलं असतं. पण चार मित्रांनी पदरचे पैसे घालून तीनशे प्रती काढल्या, दोन-चार कार्यक्रमांत विकल्या आणि नंतर जो तो आपल्या नोकरीधंद्याला लागला, अशा बँडबद्दल कुठेच ओळही नसते. तिथे ती तबकडी आणि तिचं कव्हर एवढाच काय तो पुरावा. म्हणून अशा अनोळखी बँडच्या रेकॉर्ड जमवण्याच्या या छंदात कानाइतकंच डोळ्याला काम आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटा टॉर्च ही पहिली खरेदी. टर्नटेबल नंतर.

काय गोळा करायचं, हे आधी ठरवा

'अनोळखी बँडचं मिळेल ते' असं म्हणून सुरुवात केलीत तर वर्षभरात घरात फक्त गठ्ठे साठतील. आपल्यापुरती एक चौकट आखून घ्या. एखादा प्रदेश आणि एखादं दशक, एखादं छोटं लेबल (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीलाही लेबलच म्हणतात), किंवा साच्यात दाबून रेकॉर्ड तयार करणारा एखादा कारखाना. माझी चौकट अशी: ज्या बँडने आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, आणि तीही स्वखर्चाने. अशा माझ्याकडे दोनशेच्या आतच आहेत, आणि त्यातल्या निम्म्या वारंवार ऐकाव्यात अशा नाहीत, हे कबूल करून टाकते. गायक सुरात नाही, ढोलकरी पुढे पळतोय. पण एखादीत तिसरं गाणं लागतं आणि हातातलं काम थांबतं. ते तिसरं गाणं मिळावं म्हणून बाकीचं सगळं.

स्वखर्चाच्या रेकॉर्डना संग्राहक 'प्रायव्हेट प्रेस' म्हणतात. लेखकाने स्वतःच प्रकाशक व्हावं, तसंच हे. प्रती शंभर, तीनशे, पाचशे. ब्रिटनमध्ये तर नव्व्याण्णव प्रतींच्या रेकॉर्ड सापडतात आणि पहिल्यांदा ऐकल्यावर हा आकडा छपाईची चूक वाटतो. चूक नाही. शंभराच्या आतल्या मागणीला तिथला तेव्हाचा खरेदी कर लागत नसे, म्हणून लोक शंभरावी प्रत काढतच नसत. हा कर १९७३ साली गेला.

पण मुळात या रेकॉर्ड पुन्हा का निघत नाहीत, हे समजून घेतलं की शोधणं सोपं जातं. आधी ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर असतो, त्यात यंत्राच्या सुईने चर कोरतात. त्या चकतीवर चांदीचा पातळ लेप देऊन वर निकेल चढवतात आणि ते सोलून काढलं की उलटा साचा मिळतो. त्याला 'फादर' म्हणतात. फादरवरून सुलटी 'मदर' आणि मदरवरून प्रत्यक्ष दाबायचे 'स्टँपर'. एक स्टँपर साधारण हजारेक प्रतींनंतर थकतो, मग मदरवरून दुसरा काढतात. मोठ्या कंपनीचं असं चालतं. तीनशे प्रतींच्या गिऱ्हाइकासाठी एवढं कोण करणार? बऱ्याचदा फादरलाच स्टँपर म्हणून जुंपत. काम झालं की धातू भंगारात. म्हणजे साचाच उरत नाही. मूळ टेप कुणाच्या तरी माळ्यावर राहिली तर राहिली, नाहीतर त्या तीनशे तबकड्याच काय त्या मूळ प्रती.

१९७० च्या दशकात डेट्रॉइटमध्ये हॅकनी आडनावाच्या तीन भावांचा 'डेथ' नावाचा बँड होता. नाव बदलायला ते तयार नव्हते म्हणून मोठ्या कंपनीशी जमलं नाही, आणि १९७६ साली त्यांनी स्वतःच एक सिंगल, म्हणजे बाजूला एकेक गाण्याची छोटी रेकॉर्ड, काढली. प्रती पाचशे. त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण ड्रॅग सिटी या लेबलने काढलं ते २००९ साली. मधली तेहतीस वर्षं तो बँड त्या पाचशे तबकड्यांत आणि घरातल्या टेपांत जिवंत होता.

पट्टी कशी वाचायची

त्या गुळगुळीत पट्टीला 'डेड वॅक्स' किंवा 'रनआउट' म्हणतात. तिच्यावरच्या मजकुराला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. काही अक्षरं ठशाने उमटवलेली, एकसारखी असतात. काही हाताने ओरखडलेली. दोन्ही वेगवेगळी टिपून ठेवा, कारण ती वेगवेगळ्या माणसांनी आणि वेगवेगळ्या टप्प्यावर लिहिलेली असतात.

यात सहसा असतं ते असं. रेकॉर्डचा क्रमांक आणि पुढे ए किंवा बी, म्हणजे बाजू. त्यापुढे १, २ असा आकडा असेल तर तो बहुधा कितव्यांदा चर कोरले ते सांगतो, आवृत्तीसारखा. पण प्रत्येक कारखान्याची पद्धत निराळी, तेव्हा 'एक' दिसला म्हणून पहिली प्रत मिळाली असं समजून नाचू नका. कधी चर कोरणाऱ्या तंत्रज्ञाची सही असते. जॉर्ज पेकम हा ब्रिटिश तंत्रज्ञ 'पोर्की' असं कोरत असे. 'आरएल' म्हणजे रॉबर्ट ऊर्फ बॉब लडविग, हा अमेरिकी तंत्रज्ञ. 'स्टर्लिंग' असा ठसा म्हणजे तेव्हा न्यूयॉर्कला असलेला स्टर्लिंग साउंड स्टुडिओ. अनोळखी बँडच्या रेकॉर्डवर असं मोठं नाव दिसलं, तर कुणीतरी त्या पोरांवर बऱ्यापैकी पैसा लावला होता, एवढं नक्की.

आपल्या कामाचा असतो तो कारखान्याचा क्रमांक. छोटे बँड रेकॉर्ड दाबून घ्यायला मागणीनुसार काम करणाऱ्या कारखान्याकडे जात. अमेरिकेत सिनसिनाटीला राइट नावाचा असा एक कारखाना होता. त्याचे क्रमांक ओळीने चढत जात, त्यामुळे साल माहीत असलेल्या रेकॉर्ड शेजारी ठेवून संग्राहकांनी मधल्या रेकॉर्डची सालं काढली. कव्हरवर तारीख नाही, लेबलवर नाही, बँडमधलं कुणी सापडत नाही, तरी पट्टीवरच्या पाच आकड्यांवरून साल बांधता येतं. पुराभिलेखात काम करणाऱ्यांना हे काही नवीन नाही. मला मात्र पहिल्यांदा जमलं त्या रात्री झोप आली नव्हती.

आकडे जसेच्या तसे उतरवा. मधली रेघ, चांदणी, त्रिकोण, खोडलेलं अक्षर, काहीही सोडू नका. खोडलेलं तर मुळीच नको. एका रेकॉर्डवर आधीचा क्रमांक आडव्या रेघांनी मारून शेजारी दुसरा कोरला होता. त्या मारलेल्या क्रमांकाचा माग काढत गेल्यावर त्याच पोरांची, आधीच्या नावाने काढलेली सिंगल सापडली. मग ती एकच रेकॉर्डवाल्यांच्या चौकटीत बसेना आणि मी चौकट थोडी सैल केली. नियम माझाच, मोडणारीही मीच.

कव्हर आणि लेबलवरून साल

कव्हरवर साल छापलेलं असलं तरी ते ध्वनिमुद्रणाचं असू शकतं, त्या प्रतीचं असेलच असं नाही. पुस्तकाच्या पाचव्या छपाईतसुद्धा पहिल्या आवृत्तीचं साल तसंच राहतं ना, तसं. म्हणून आडून माहिती काढायची. अमेरिकी लेबलवर पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर रेकॉर्ड १९६३ च्या आधीची नाही, कारण तो कोड त्या साली सुरू झाला. वर्तुळातलं पी हे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं चिन्ह अमेरिकी रेकॉर्डवर १९७२ पासून रुळलं. बारकोड १९७० चं दशक संपता संपता दिसायला लागला. म्हणजे १९७१ चं साल मिरवणाऱ्या कव्हरवर बारकोड छापलेला असेल तर ती नंतरची आवृत्ती, विकणारा काहीही म्हणो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या एल.पी., म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्याच बाजारात आल्या १९४८ साली, आणि स्टिरिओ एल.पी. १९५७-५८ ला, तेव्हा त्याआधीचं काही 'स्टिरिओ' म्हणून समोर आलं तर हसून पुढे जा.

कव्हराचा कोपरा कापलेला, कडेला करवतीची खाच किंवा आरपार भोक दिसलं तर घाबरू नका. त्याला 'कट-आउट' म्हणतात. कंपनीने यादीतून रेकॉर्ड काढून टाकली, उरलेला माल पडत्या भावाने विकला आणि तो पूर्ण किमतीला परत येऊ नये म्हणून ही खूण केली. काही संग्राहक अशी प्रत नाकारतात. मी घेते. छापणं कुणी आणि कधी थांबवलं, याची ती खूण आहे, आणि आपण छापणं थांबलेल्याच रेकॉर्डच्या मागे आहोत.

मागच्या बाजूची बारीक अक्षरं सर्वांत महत्त्वाची. स्टुडिओ, ध्वनिमुद्रण करणारा, फोटो कुणाचा, आभार कुणाचे. बँडमधल्यांची नावं सामान्य असतात, शोधून हाती काही लागत नाही. पण आभारांत एखाद्या शाळेचं किंवा चर्चचं नाव असतं आणि तिथून धागा मिळतो.

नकली प्रत

या बाबतीत मी अक्कलखाती बरीच रक्कम जमा केली आहे. एका विक्रेत्याने 'मूळ प्रत' म्हणून पाठवलेली रेकॉर्ड मी चार वर्षं अभिमानाने दाखवत होते. मग एकदा सहज कव्हरवर भिंग धरलं आणि माझं मलाच हसू आलं. छापखान्यात आयुष्य काढलेल्या बाईने हे चार वर्षं पाहिलं नव्हतं.

काय दिसलं ते सांगते. छापलेला फोटो भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, ते बरोबरच आहे. अक्षरं मात्र भरीव, धारदार कडांची असायला हवीत, कारण मूळ छपाईत ती फोटोपासून वेगळी बसवलेली असतात. कव्हराचाच फोटो काढून नवं कव्हर केलं की अक्षरंही ठिपक्यांची होतात. कडा फुटतात, बारीक अक्षरांची पोटं भरून येतात. फोटोच्या ठिपक्यांवर पुन्हा ठिपके चढून जाळीदार लाटा उमटतात. कव्हरवरची ही एकच परीक्षा शिकलात तरी निम्म्या नकला दारातच थांबतील.

दुसरी परीक्षा पट्टीची. मूळ प्रतीवर ठशातली अक्षरं आणि तुमच्या प्रतीवर हाताने कोरलेली, किंवा पट्टी अगदीच कोरी, तर संशय घ्या. तुलना करायला डिस्कॉग्स ही २००० साली सुरू झालेली इंटरनेटवरची यादी उपयोगी पडते. तिच्यावर एकाच रेकॉर्डच्या निरनिराळ्या प्रतींचे मॅट्रिक्स आणि फोटो असतात. तीही लोकांनीच भरलेली आहे, तेव्हा प्रूफातल्या चुका तिथेही आहेत. जाड तबकडी म्हणजे जुनी, हाही एक गैरसमज. उलट एकशे ऐंशी ग्रॅमची जाडजूड तबकडी बहुतेकदा अलीकडचं पुनर्मुद्रण असतं. सत्तरच्या दशकात तेलटंचाईने प्लॅस्टिक महागल्यावर निघालेल्या कित्येक मूळ प्रती हातात लपलपतात.

पुनर्मुद्रण आणि नक्कल यांत गल्लत नको. न्यूमेरो ग्रुप किंवा लाइट इन द ॲटिक यांसारखी लेबलं मूळ कलाकारांना शोधून, करार करून जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढतात, सोबत माहितीची पुस्तिका देतात. अशी आवृत्ती मिळत असेल तर ऐकण्यासाठी तीच घ्या. ही दुधाची तहान ताकावर भागवणं नाही. कित्येकदा टेपवरून नव्याने केलेली आवृत्ती झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा कितीतरी चांगली वाजते, आणि ते पैसे बँडपर्यंत पोचतात.

अवस्था: आधी डोळा, मग कान

विक्रेते अवस्था इंग्रजी अक्षरांत सांगतात. वरून खाली मिंट (कोरी करकरीत), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), गुड. यातलं 'गुड' म्हणजे वाईट. 'व्हेरी गुड' म्हणजे गाणं ऐकू येईल, पण खरखरीसकट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ब्रिटिश विक्रेत्यांच्या श्रेणीत 'एक्सलंट' अशी आणखी एक पायरी असते, तेव्हा विक्रेता कुठली पद्धत वापरतोय ते आधी विचारा. श्रेणी नुसती पाहून दिली की वाजवून, हेही विचारा. वाजवून पाहिलेली नसेल तर एक श्रेणी खाली धरून हिशेब करा.

एकाच दिव्याखाली तबकडी तिरकी फिरवा. केसासारख्या रेषा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला अडकणारा ओरखडा ऐकू येणारच. ओरखडे नसूनही चर राखाडी, मळकट दिसत असतील तर ती जड किंवा बोथट सुईने झालेली झीज आहे, आणि ती कशानेही निघत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा दिसतात का पाहा. टर्नटेबलचा खुंटा शोधताना उठलेल्या असतात त्या. जितक्या जास्त, तितक्या वेळा रेकॉर्ड लागली आहे. एखाद्या नकोशा रेकॉर्डवर अशा खूप रेषा दिसल्या की मला ती उगाच आवडायला लागते.

वाजवून बघायला मिळालं आणि वेळ थोडा असेल तर पहिलं गाणं लावू नका. शेवटचं लावा. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या चरात सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकतो आणि आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेलं असतं. झीज आधी तिथे ऐकू येते. शेवटच्या गाण्यात गायिकेचा 'स' फाटत नसेल तर बाजू ठीक आहे.

'टक' असा आवाज येत असेल तर घड्याळ बघा. ३३⅓ च्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदाचा, ४५ च्या रेकॉर्डचा १.३३ सेकंदाचा. बरोबर तेवढ्या अंतराने टक टक येत असेल तर ओरखडा आडवा, सगळ्या चरांवरून गेलेला आहे. अनियमित येत असेल तर बहुधा धूळ, धुतली की जाईल. त्याच तालात सूर वरखाली हेलकावत असेल तर तबकडी वाकली आहे किंवा भोक मध्यावर नाही. घासाघीस करताना या चाचणीचा मला फार उपयोग झाला आहे.

अमेरिकी सिंगल असेल तर ती व्हिनाइलची की पॉलिस्टायरीन या दुसऱ्या प्लॅस्टिकची हे पाहा. स्टायरीनच्या तबकडीवर लेबल चिकटवलेलं असतं, व्हिनाइलवर ते दाबताना आतच बसतं. स्टायरीन लवकर झिजतं, लवकर तडकतं. वरून चकचकीत दिसूनही ती खरखरत, फाटक्या आवाजात वाजू शकते.

मात्र अवस्थेचा हट्ट सगळीकडे धरता येत नाही. कंबोडियात १९७५ नंतर ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत कित्येक गायक-वादक मारले गेले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक रेकॉर्डही गेल्या. त्याआधीच्या तिथल्या एखाद्या बँडची खरखरणारी, कव्हर नसलेली सिंगल समोर आली तर श्रेणी विचारत बसू नये.

कुठे शोधायच्या आणि किती द्यायचे

याला छोटं उत्तर आहे. जिथे रेकॉर्ड विकणाऱ्याला त्या बँडची माहिती नाही, तिथे. घर रिकामं करणारे, जुन्या वस्तूंचा बाजार, बंद पडलेलं रेडिओ केंद्र, शाळेची अडगळ. दुकानात गेलात तर मांडलेल्या कपाटाकडे जाऊ नका, खाली खोक्यात 'इतर' असं लिहिलेलं असतं तिथे बसा. गुडघे दुखतात, पण वर्गवारी न जमलेलं सगळं तिथेच येऊन पडतं.

भाव ठरवताना मागितलेली किंमत पाहू नका, पूर्वी प्रत्यक्ष विकली गेलेली पाहा. लिलावांचे जुने निकाल ठेवणारी पॉपसाइकसारखी यादी त्यासाठी आहे. आणि दुर्मीळ म्हणजे महाग असं मुळीच नाही. शंभरच प्रती आहेत पण कुणालाच नको, अशा रेकॉर्डनी माझं एक कपाट भरलंय. त्या स्वस्तात मिळतात आणि मी गप्प बसते.

पोस्टाने मागवत असाल तर विक्रेत्याला एकच विनंती करा: तबकडी कव्हरातून काढून, कव्हरामागे वेगळी ठेवा. आत ठेवली तर प्रवासात ती आतून धक्के देते आणि कव्हराची शिवण फाटते. दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा, तबकडीपेक्षा मोठा.

धुणं, आणि माझा गुन्हा

आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ, चरांच्या दिशेने. मग ऊर्ध्वपातित पाणी, त्यात फोटो धुणारे वापरतात त्या पाणी पसरवणाऱ्या द्रावाचे एक-दोन थेंब. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार चरात बसतात. बोटांचे तेलकट डाग असतील तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. मखमली कापडाने गोल गोल पुसायचं, स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवायचं, उभी ठेवून वाळू द्यायची. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावाल तर लाखच विरघळेल. भोकाच्या कडेला धातू चमकत असेल तर ती ॲसिटेट, म्हणजे थेट कोरलेली चकती. तिलाही अल्कोहोल चालत नाही, आणि ती वाजवायचीही मोजक्या वेळाच, कारण दर वेळी सुई तिचा थोडा भाग खरवडून नेते.

आता गुन्हा. माझ्या हाती एक टेस्ट प्रेसिंग आलं होतं. छपाईआधी तपासायला काढतात ती प्रत, आमच्या भाषेत गॅली प्रूफच. पांढरं कव्हर, पांढरं लेबल आणि लेबलवर निळ्या पेनने बँडचं नाव, खाली दोन-तीन शब्द. अक्षर घाईचं, मला नीट लागलं नाही. म्हटलं, आधी स्वच्छ करू, मग भिंग घेऊन निवांत वाचू. मिश्रणात अल्कोहोल होतं. कापडातून एक ओघळ लेबलावर गेला, मी चटकन टिपायला गेले आणि माझ्या हाताखाली निळं पाणी पसरलं. दोन सेकंदांत लेबल कोरं. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर सांभाळणाऱ्या बाईने एका बँडचं नाव पुसून टाकलं.

म्हणून धुण्याआधी लेबलाच्या मापाची प्लॅस्टिकची चकती दाबून बसवा, किंवा लेबलचं रक्षण करणारं क्लँप मिळतं ते घ्या. आणि त्याच्याही आधी फोटो काढा. दोन्ही बाजूंचं लेबल, दोन्ही पट्ट्या, कव्हर पुढून-मागून. हातात आल्यावर पहिलं काम तेच.

ठेवायच्या कशा

उभ्या, सरळ. न रेलता, न कोंबता. आडव्या रचल्या की खालच्या दबतात. शंभर एल.पी. कव्हरांसकट पंचवीसेक किलो भरतात, त्यामुळे पुस्तकांची नाजूक फळी चालणार नाही. ऊन, हीटर आणि बंद गाडी यांपासून लांब. आतल्या पाकिटासाठी पॉलिएथिलीन, बाहेरच्या आवरणासाठी पॉलिप्रॉपिलीन. जाड, मऊ, काचेसारखी पारदर्शक पीव्हीसीची आवरणं दिसायला फार छान असतात आणि तीच घात करतात. त्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर पडतं आणि तबकडीवर दुधट ढग उमटतो. तो पुसून जात नाही.

कव्हरातले जुने कागद फेकू नका. कार्यक्रमाचं पत्रक, तिकिटाचा तुकडा, कुणीतरी वहीच्या पानावर लिहून घेतलेले गाण्याचे शब्द. ते वेगळ्या पाकिटात घालून रेकॉर्डसोबतच ठेवा. कागदातलं आम्ल कव्हरावर उतरतं, म्हणून थेट आत नको.

दुर्मीळ रेकॉर्डची एक डिजिटल प्रत करून ठेवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक या आवाजाची प्रत न घटवणाऱ्या फाइल स्वरूपात, आवाज 'साफ' न करता. साफसूफ कधीही करता येते, गेलेलं परत आणता येत नाही. ती प्रत तुमच्यापुरती. तबकडी तुमची असली तरी गाणं तुमचं नाही, तेव्हा परस्पर सगळ्यांना वाटू नका. बँडमधलं कुणी सापडलं तर त्यांना मात्र पाठवा. मी एकदा पाठवली. त्या गृहस्थांकडे स्वतःच्या रेकॉर्डची एकही प्रत उरलेली नव्हती. उत्तरात त्यांनी फक्त ढोलकऱ्याचं आडनाव कव्हरवर चुकीचं छापलं गेल्याचं कळवलं. पन्नास वर्षांनी प्रूफातली चूक सांगितली त्यांनी. मी ती तत्परतेने नोंदवली.

ही नोंद कुठे? प्रत्येक कव्हरात आम्लरहित कागदाची एक चिठ्ठी, पेन्सिलने. शाई नको, का ते वर सांगितलंच. बँड, मॅट्रिक्स दोन्ही बाजूंचा, कुठून आणि कधी मिळाली, काय पक्कं आणि काय अंदाज. अंदाजापुढे प्रश्नचिन्ह घालायला विसरू नका, नाहीतर पुढच्याला तुमचा अंदाज वस्तुस्थिती वाटेल.

त्या पांढऱ्या कव्हरातही अशी चिठ्ठी आहे. मॅट्रिक्स पूर्ण उतरवलेला, एक बाजू ठशाची, एक हाताची. गाणी चार, गाणारी मुलगी, मागे ऑर्गन, तिसऱ्या गाण्यात कुणीतरी खोकतं. बँड या रकान्यात मी लिहिलंय: 'पहिलं अक्षर बहुधा एम. पुढचं माझ्या हातून पुसलं.'